साथीच्या काळातील बाळंतपण: सिझेरियन की नैसर्गिक प्रसूती?

मार्च 2020 मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, पुढे मेयो आणि मेडिकल ही शहरातली दोन मोठी सरकारी रुग्णालये कोरोनाच्या रुग्णांनी भरून गेली, तेव्हा दिवस भरत आलेल्या लेकीसुनांच्या घरांत एकच घोर होता: चाचणी पॉझिटिव्ह आली तर सिझर करून मोकळे व्हावे, की कळांची वाट पाहावी?

सिझेरियनमध्ये वेळ ठरवता येते, त्यामुळे पीपीई किट घातलेले डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ आधीच सज्ज राहत. आईला धाप लागत असेल किंवा बाळाचे ठोके मंदावत असतील, तर हाच मार्ग योग्य. मात्र निव्वळ पॉझिटिव्ह अहवाल हे सिझेरियनचे कारण नव्हे, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका साथीत सुरुवातीपासून स्पष्ट होती, आणि मला ती मनापासून पटते.

नैसर्गिक प्रसूतीला तासन्‌तास लागतात; मे महिन्याच्या नागपुरी उन्हाळ्यात किटच्या आत घामाने निथळणारी, चष्म्यावर वाफ धरलेली परिचारिका तेवढा वेळ बाळंतिणीच्या उशाशी उभी असे. हे कष्ट मोठेच होते. तरीही पोटावर जखम नाही, रक्तस्राव सहसा कमी, आणि कोरोनाने आधीच वाढवलेल्या रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यात शस्त्रक्रियेची भर पडत नाही. शिवाय रक्तदान शिबिरे बंद पडलेल्या दिवसांत रक्ताची एक पिशवी वाचणे फार मोलाचे होते. मुक्कामही आटोपशीर राहतो.

स्तनपानाबाबत दोन्हींत फरक नाही: हात धुऊन, मास्क लावून आईने बाळाला जवळ घ्यावे.