सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशन : एक नंबर, पण हाताशी वेळ ठेवून जा

पुण्यात बहुतेक पब्लिक सिव्हिल कोर्टला फक्त मेट्रो बदलायला उतरतं आणि सरकत्या जिन्यावर मोबाईलमध्ये मान घालून निघून जातं, म्हणून म्हटलं स्टेशनचाच रिव्ह्यू टाकू. जिल्हा न्यायालय असं नवीन नाव आहे पण बोलताना आपलं सिव्हिल कोर्टच.

तर पहिली गोष्ट खोली. ३३.१ मीटर! म्हणजे १०८ फूट, दहा मजली बिल्डिंग उभीच्या उभी जमिनीत जाईल एवढं. आणि हे हौसेने नाही केलेलं बरं का, स्वारगेटकडे जाणारी लाईन इथून निघाली की लगेच मुठा नदीच्या खालून कसबा पेठेत घुसते, मग रूळ खाली नेल्याशिवाय जमणार कसं. इथे आधी सरकारी धान्याची गोदामं होती, ती मोकळी जागा मिळाली म्हणून एवढा खड्डा तरी घेता आला. पुढे पेठेत वाडे, बोळ, एकमेकांना चिकटलेली जुनी घरं, तिथे वरून रस्ता फोडत जायचा विचारही करवत नाही, त्यामुळे बोगदा मशीनने खालून काढला. मशीनची नावं पण आपलीच, मुळा, मुठा, पवना. आणि खाली सगळा काळा पत्थर, पुण्यात बोअर मारणाऱ्या कुणालाही विचारा.

मला सगळ्यात भारी वाटला तो उजेड. छत असं केलंय की ऊन थेट आत येतं, एवढ्या खाली गेल्यावर जो कोंदटपणा वाटेल असं वाटतं तो नाहीच. दुपारचं जा, जरा थांबून वर बघा.

आता गैरसोय. पिंपरी-स्वारगेट लाईन पाताळात आणि वनाझ-रामवाडी लाईन वर पुलावर, त्यामुळे बदलायचं म्हणजे जिना, मग परत जिना, मग अजून एक, तरुण माणसाला काही नाही पण गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ लिफ्ट शोधावी, उगाच हिरोगिरी नको. दोन लाईनची उंचीच एवढी वेगळी आहे की यात कुणी फार काही करू शकलं असतं असं मला तरी वाटत नाही.

१ ऑगस्ट २०२३ ला हे चालू झालं तेव्हा खालची लाईन इथेच संपायची, स्वारगेटपर्यंतचा भुयारी तुकडा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि तेव्हापासून स्टेशनचा खरा उपयोग व्हायला लागला, मंडईत जायचं तर गाडी काढायची गरजच नाही राव.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. गोदामांचे आणि खोदकामाचे जुने फोटो खाली भिंतीवर मोठे करून लावले तर उरलेला अर्धा पण देतो.