तक्त्यातील बिंदूंपासून नावांकित रेषा: दोन मार्ग

इंदूरच्या राजवाडा परिसरातील गल्ल्यांच्या मोजणीचे अक्षांश-रेखांश एक्सेलच्या तक्त्यात असतील, तर क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणकप्रणालीत त्यांच्या नावांकित रेषा दोन प्रकारे करता येतात. पहिल्या प्रकारात तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर) स्वरूपात जतन करून बिंदूंचा थर म्हणून उघडावा आणि ‘पॉइंट्स टू पाथ’ या बिंदू क्रमाने जोडून रेषा करणाऱ्या साधनाला गल्लीच्या नावाचा स्तंभ गटासाठी व अनुक्रमांकाचा स्तंभ क्रमासाठी द्यावा. येथे एक काळजी अत्यावश्यक आहे: अनुक्रमांक मजकूर म्हणून वाचला गेला, तर १० हा २ च्या आधी लागू शकतो आणि रेषा त्याच गल्लीत मागेपुढे धावू लागते. शिवाय नव्या थरात गल्लीचे नाव उरते, पण रुंदीसारखी इतर माहिती गळते. ती नावाच्या आधारे पुन्हा जोडावी लागते.

दुसऱ्या प्रकारात तक्त्यातच प्रत्येक गल्लीसाठी एक ओळ ठेवून ‘लाइनस्ट्रिंग’ (म्हणजे बिंदूंची रेषा) या शब्दाने सुरू होणारा मजकूर रचतात, जो क्यूजीआयएस थेट रेषा म्हणून वाचते आणि ज्यात प्रत्येक बिंदूचा रेखांश आधी येतो, म्हणजे इंदूरसाठी ७५.८६ आणि मग २२.७२. सगळे स्तंभ शाबूत राहतात. मात्र शेकडो बिंदू असे जुळवणे जिकिरीचे असते. मोजणी वाढत जाणार असेल, तर मला पहिलाच मार्ग पटतो, कारण नवे बिंदू भरून साधन पुन्हा चालवले की रेषा अद्ययावत होते.