वादळात पडलेलं झाड: सरपण की फळ्या?

सरपण करणं सोपं. कुऱ्हाड, करवत आणि चार हात पुरतात. पण ओलं लाकूड नुसतं धुमसतं, म्हणून फोडून, रचून 6 महिने ते वर्षभर वाळवावं लागतं.

फळ्यांना धीर जास्त लागतो, ढोबळमानाने 1 इंच जाडीला 1 वर्ष. खोडाच्या दोन्ही टोकांना लगेच उरलेला रंग किंवा मेण फासा. नाहीतर टोकांकडून पाणी भराभर उडतं आणि चिरा आतवर जातात. मग चिरलेल्या फळ्या रचताना थरांमध्ये सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या, वर वजन, खाली मोकळी हवा.

सरळ, जाड खोड जाळलेलं मला तरी बघवत नाही. फांद्या आणि वाकडे तुकडे खुशाल चुलीत जाऊ द्यात. कुंपणाजवळचं झाड असेल, तर चिरण्याआधी जुने खिळे शोधा. विजेच्या तारेत अडकलेल्या झाडाला मात्र हातच लावू नका.