लेगानेसचा विजय आणि गोठलेले पगार खाते

स्पॅनिश लीगच्या सामन्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात आणि ते आम्हाला कळतात, असे भासवून टेलिग्रामवरून पैसे उकळणाऱ्या एका टोळीने 2024-25 च्या हंगामात माझ्या भाच्याला फसवले. तो सगळा प्रकार मी त्याच्या संमतीने येथे लिहीत आहे. सायबर ठाण्यात आणि बँकेत खेटे घालताना आम्हाला याच सापळ्यात सापडलेले आणखी काही तरुण भेटले. त्यांच्यापैकी बहुतेकांची अशी समजूत होती की सुरुवातीचे व्यवहार खरे होते आणि फसवणूक शेवटी, मोठी रक्कम अडकली तेव्हा झाली. मी उमेदीची सारी वर्षे सहकारी बँकेत काढली असल्यामुळे भाच्याचे खातेउतारे आणि संदेश घेऊन बसलो, आणि ते वाचताना माझे मत उलट झाले: यात खरे असे काही असेल तर ते फक्त फुटबॉलचे सामने होते.

भाचा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत तपासणी विभागात नोकरी करतो. कोल्हापुरात पेठेतल्या घरात वाढलेल्या मुलाला फुटबॉल शिकवावा लागत नाही, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या स्थानिक संघांची लढत असली की आमच्याकडे जेवणाच्या वेळासुद्धा बदलतात. फेसबुकवर 2018 पासून तीन हंगाम स्पॅनिश लीग फुकट दाखवली जात होती, तेव्हापासून तो आणि त्याचे मित्र रात्री जागून हे सामने पाहत आले आहेत. खेळ कळतो म्हणून आपण फसणार नाही, असे त्याला वाटत होते. वास्तविक अशा टोळ्यांना खेळ कळणारीच माणसे हवी असतात, कारण अनपेक्षित निकाल किती अनपेक्षित आहे हे त्यांनाच उमगते.

एका मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून तो त्या चॅनेलमध्ये शिरला. तेथे 1, एक्स आणि 2 या खुणांनी, म्हणजे यजमानांचा विजय, बरोबरी आणि पाहुण्यांचा विजय अशा पद्धतीने, भाकिते दिली जात. स्पेनमध्ये सरकारी फुटबॉल पूलच्या, म्हणजे सामन्यांचे निकाल ओळखण्याच्या पैजेच्या, कुपनावर कित्येक दशके हीच चिन्हे आहेत, त्यामुळे ते सारे अस्सल स्पॅनिश वाटत असे. पहिले भाकीत 10 नोव्हेंबर 2024 च्या सामन्याचे होते. बार्सिलोना तेव्हा गुणतक्त्यात अव्वल असूनही रेआल सोसिएदादकडून हरेल, असे त्यात सांगितले होते, आणि बार्सिलोना खरोखरच 1-0 ने हरला. दुसरे भाकीत 30 नोव्हेंबरचे होते. क्लबच्या स्थापनेला 125 वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा आदल्या दिवशीच झाला होता, आणि त्या दिवशी बार्सिलोना आपल्याच मैदानावर लास पाल्मासकडून 2-1 असा हरला. तिसरे 15 डिसेंबरचे. आदल्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला लेगानेस बार्सिलोनात जिंकेल, हे भाकीत कोणाही जाणकाराने हसण्यावारी नेले असते. आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू झालेल्या त्या सामन्यात चौथ्याच मिनिटाला लेगानेसने गोल केला, उरलेला सगळा वेळ बार्सिलोना धडका देत राहिला, आणि निकाल 0-1 लागला. "मामा, सामना मी माझ्या डोळ्यांनी बघितला. त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं," हे वाक्य त्यानंतर मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की अखेर कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

हिशेब शाळकरी आहे. समजा, 2,700 माणसांना तीन गटांत विभागले आणि एका गटाला 1, दुसऱ्याला एक्स, तिसऱ्याला 2 असे कळवले, तर निकाल काहीही लागला तरी 900 जणांना अचूक भाकीत मिळालेले असते. त्या 900 जणांवर हाच प्रयोग पुन्हा केला की 300 उरतात, आणि तिसऱ्या सामन्यानंतर 100 माणसे अशी शिल्लक राहतात की त्यांनी लागोपाठ तीन निकाल डोळ्यांदेखत खरे ठरताना पाहिलेले आहेत. यासाठी फुटबॉलची माहिती लागत नाही, स्पेनमध्ये कोणाशी ओळख लागत नाही. लागतात फक्त पुष्कळ फोन क्रमांक. हा माझा तर्कच राहिला असता, पण सायबर ठाण्याच्या बाकावर इचलकरंजीचा एक मुलगा भेटला. त्याच्या फोनमध्ये त्याच चिन्हाचे, किंचित वेगळ्या नावाचे चॅनेल होते आणि त्यात 15 डिसेंबरच्या त्याच सामन्यासाठी बार्सिलोना जिंकणार असे लिहिले होते. निकाल उलटा लागल्यावर त्याला असे सांगण्यात आले होते की 'फिक्सिंग ऐनवेळी फिसकटले', म्हणून पुढची टिप फुकट. त्यालाही पुढे त्यांनी गिऱ्हाईक केलेच.

सामने फिक्स होतात हे पटवून देण्यासाठी चॅनेलवर अधूनमधून खऱ्या बातम्या टाकल्या जात, आणि मला ही त्यातली सर्वांत धूर्त गोष्ट वाटते. ओसासुना या स्पॅनिश क्लबचे प्रकरण त्यांनी वारंवार वापरले. 2013-14 च्या हंगामाच्या शेवटी, खालच्या श्रेणीत जाण्याचे टाळण्यासाठी ओसासुनाच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांनी बेतिस या दुसऱ्या क्लबच्या खेळाडूंना साडेसहा लाख युरो देऊ केल्याचे ते प्रकरण असून, एप्रिल 2020 मध्ये नावारा प्रांताच्या न्यायालयाने त्यात काही माजी पदाधिकाऱ्यांना आणि दोन खेळाडूंना दोषी ठरवले. बातमी खरी आहे. मात्र ती नीट वाचली तर तिच्यातून निघणारा अर्थ चॅनेलच्या दाव्याच्या विरोधात जातो. तो व्यवहार मोजक्या माणसांत झाला, बेतिस त्याआधीच खालच्या श्रेणीत गेलेला होता, आणि एवढे पैसे मोजूनही ओसासुनाची घसरण टळली नाही. ज्याच्या हाती असे गुपित असेल तो ते दोन हजार रुपये वर्गणी घेऊन कोल्हापुरातल्या अनोळखी तरुणांना का वाटत बसेल, एवढा साधा प्रश्न त्या बातमीच्या झगमगाटात कोणी विचारला नाही.

वर्गणी भरल्यावर भाच्याला 'खास गटा'त घेण्यात आले आणि तेथून एका बेटिंगच्या संकेतस्थळावर खाते उघडायला लावले. तेथील मांडणी, सामन्यांचे वेळापत्रक, सतत बदलणारे भाव हे सर्व इतके व्यवस्थित होते की मलाही प्रथमदर्शनी शंका आली नसती. पण भाव पाहिल्यावर आली. एखाद्या सामन्याच्या तीन निकालांचे भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास हाती येणारी रक्कम, 1.80, 3.60 आणि 4.50 असे असतील, तर 100 ला या प्रत्येक आकड्याने भागून उत्तरांची बेरीज केली की ती 105.56 येते. 100 च्या वरचा हा भाग म्हणजे पैज घेणाऱ्याचा नफा होय, आणि प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याची बेरीजही नेहमी 100 च्या वरच असते. (चार सामने एकत्र जोडून पैज लावली की हा नफा चारदा कापला जातो, आणि शंभर रुपयांमागे परत येण्याची सरासरी अपेक्षा ऐंशीच्या आसपास उतरते. म्हणजे फसवणूक नसतानाही हा व्यवहार तोट्याचाच आहे.) भाच्याच्या फोनमधल्या एका चित्रात भाव होते 2.20, 4.00 आणि 5.00. त्यांची बेरीज 90.45 भरते. तिन्ही निकालांवर योग्य प्रमाणात पैसे लावले तर निकाल काहीही लागो, नफा ठरलेला, असा तो दर होता. ज्याला पैसे परत द्यायचेच नाहीत त्याला असा उदार भाव परवडतो.

त्या संकेतस्थळावर 'स्पॅनिश सरकारचा परवाना' म्हणून एक प्रमाणपत्र लावलेले होते आणि एका नामांकित क्लबच्या चालू हंगामातील जर्सीवर त्यांचे चिन्ह असल्याचे छायाचित्रही होते. स्पेनमध्ये ऑनलाइन पैजांचा धंदा 2011 च्या कायद्याखाली परवाना घेऊन चालतो आणि परवानाधारकांची संकेतस्थळे डॉट ईएस या पत्त्यावर असतात. यांचा पत्ता तसा नव्हता. शिवाय 2020 च्या शाही आदेशाने जुगाराच्या जाहिरातींवर निर्बंध आणले, तेव्हापासून, म्हणजे 2021-22 च्या हंगामापासून, स्पॅनिश क्लबांच्या जर्सीवर बेटिंग कंपन्यांची नावे नसतात. ते छायाचित्र खोटे आहे हे लीग नियमित पाहणाऱ्याला नुसत्या जर्सीवरून ओळखता आले असते.

पुढचा भाग ठरलेल्या वाटेनेच गेला, म्हणून तो थोडक्यात सांगतो. सुरुवातीला लावलेल्या छोट्या रकमेवर तो 'जिंकला' आणि 6,400 रुपये त्याच्या पगाराच्या खात्यात खरोखर जमा झाले. त्यानंतर त्याने टप्प्याटप्प्याने मोठ्या रकमा भरल्या. दर वेळी युपीआयचा पत्ता वेगळा आणि खातेदाराचे नावही वेगळे असे. कधी एखादे किराणा दुकान, कधी अनोळखी व्यक्ती. पडद्यावरची शिल्लक 4,18,000 रुपयांवर पोहोचली. ती काढायला गेल्यावर आधी 30 टक्के कर, म्हणजे 1,25,400 रुपये, भरण्याची मागणी आली. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या 194 बीए या कलमानुसार ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर एप्रिल 2023 पासून खरोखरच होता, पण तो रक्कम देणाऱ्याने त्याच रकमेतून कापून घ्यायचा असे. जिंकणाऱ्याने पदरचे पैसे आधी पाठवण्याची तरतूद त्यात कोठेही नव्हती. भाच्याने मित्रांकडून उसने घेऊन त्यातला काही भाग भरला, मग 'पडताळणी शुल्क' आले, आणि त्यानंतर चॅनेलच नाहीसे झाले.

एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित हे लिहिले नसते. पुढच्या महिन्यात त्याचा पगार जमा झाला आणि एटीएममधून काढता येईना. शाखेत विचारल्यावर कळले की दक्षिणेतील एका राज्याच्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खाते गोठवले आहे, आणि त्याचे कारण होते ते 6,400 रुपये. टोळीने ती 'जिंकलेली' रक्कम स्वतःच्या खिशातून दिली नव्हती. दुसऱ्या राज्यातील एका फसवल्या गेलेल्या माणसाने भरलेले पैसे सरळ याच्या खात्यात वळवले होते. त्या माणसाने तक्रार केली, पैशांचा माग काढत तपास निघाला, आणि कागदोपत्री माझा भाचा चोरीच्या पैशाचा लाभार्थी ठरला. पगार अडकला, मोटरसायकलचा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा पडला, आणि आईला काय सांगावे या चिंतेने तो कित्येक दिवस रात्रपाळी मागून घेत राहिला.

बँकेच्या बाजूने पाहिले तर पोलिसांची सूचना आल्यावर त्यांना पर्याय नसतो. तथापि वादातली रक्कम 6,400 असताना संपूर्ण खाते बंद ठेवणे योग्य नाही, केवळ तेवढीच रक्कम रोखावी, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये घेतलेली आहे. आम्ही तिचा हवाला देऊन बँकेला लेखी अर्ज दिला. संबंधित ठाण्याला भाच्याने स्वतः फसल्याचे सारे पुरावे, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि संदेशांच्या प्रती पाठवल्या. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. टोळीने चॅनेल मिटवताना संदेशही पुसले, आणि भाच्याने सहज म्हणून काढून ठेवलेले पडद्यांचे फोटो नसते, तर आमच्या हाती केवळ खातेउतारा उरला असता.

तक्रार करायला तो आरंभी तयार नव्हता, कारण पैज लावणे हाच गुन्हा, मग पोलिसांकडे कोणत्या तोंडाने जायचे, ही भीती होती. ती अगदीच निराधार नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अद्याप लागू आहे, आणि परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांत लॉटरीबरोबर फुटबॉल पूलसाठी परदेशी पैसे पाठवण्याला स्पष्ट मनाई आहे. मात्र ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. टोळ्या या भीतीवरच जगतात. भाच्याला शेवटच्या संदेशात 'तक्रार केलीस तर तूच आत जाशील' असे लिहिले होते. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर पहिल्या काही तासांत कळवले तर पुढच्या खात्यात पोहोचलेले पैसे तेथेच रोखता येण्याची शक्यता असते. आमच्याकडून कळवणे झाले तोवर ते पैसे अनेक खात्यांतून पुढे गेलेले होते.

खाते अखेर 6,400 रुपये रोखून बाकी मोकळे झाले. भरलेल्या पैशांपैकी काहीही परत आलेले नाही. मध्यंतरी 'सायबर वसुली तज्ज्ञ' म्हणवणाऱ्या एकाचा फोन आला आणि अडकलेली रक्कम सोडवून देण्यासाठी त्याने आगाऊ शुल्क मागितले. भाच्याने कोणत्या सामन्यावर किती रुपये लावले होते, हे फोन करणाऱ्याला पैशापर्यंत ठाऊक होते. तो क्रमांकही आम्ही तक्रारीला जोडला आहे.