लॉकटाइट 243 : इंजिन बसवलेल्या सायकलच्या फाउंडेशन बोल्टांवरचा उपाय, पण अर्धाच

सायकलच्या दांडीत छोटे पेट्रोल इंजिन बसवून घर ते शेत अशी ये-जा करणाऱ्यांची पहिली तक्रार ॲव्हरेजची नसते, फाउंडेशन बोल्ट (इंजिन सायकलच्या नळीला धरून ठेवणारे बोल्ट) ढिले पडण्याची असते. त्यावर उपाय म्हणून हेंकेल कंपनीचे लॉकटाइट 243 हे आट्यांत लावायचे निळे द्रव आम्ही यावल तालुक्यातील मेव्हण्यांच्या 22 इंची काळ्या सायकलीवर वापरले. ही सायकल केळीच्या बागांमधल्या गाडरस्त्याने रोज धावते, आणि पावसाळ्यानंतर काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या की त्या रस्त्यावर कोणत्याही नटबोल्टची परीक्षाच असते. माझे मत आधीच सांगतो : वस्तू उत्तम आहे, पैसे वाया जात नाहीत, मात्र बहुतेक जण तिच्याकडून जे काम करून घेऊ पाहतात ते तिचे नव्हेच.

बोल्ट ढिला का पडतो, हे आधी पाहायला हवे. एकच सिलिंडर असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या वर-खाली होण्याचा धक्का पूर्णपणे तोलता येत नाही. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर असा धक्का सेकंदाला 100 वेळा बसतो. तरीही नुसत्या थरथरीने घट्ट बोल्ट सहसा फिरत नाही. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिले की, जोडलेले दोन भाग बोल्टला आडवे, म्हणजे एकमेकांवर घासत सरकू लागले, की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. आमच्या गावच्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी हीच गोष्ट अहिराणीत एका वाक्यात सांगितली होती : ‘भाऊ, बोल्ट नही, पट्टी सरकस’, म्हणजे बोल्ट नव्हे, क्लॅम्पची पट्टी सरकते.

ही पट्टी सरकण्याचे मूळ बहुतेक वेळा किटमध्येच, म्हणजे इंजिन आणि ते बसवण्याच्या सामानाच्या संचातच असते. ज्या विक्रेत्याकडून आम्ही किट घेतले, त्याने दिलेला अर्धगोल क्लॅम्प सायकलच्या नळीपेक्षा मोठा होता, त्यामुळे तो नळीला सगळीकडून न धरता दोनच रेषांवर टेकत होता. सोबतच्या बोल्टांच्या डोक्यावर ताकदीचा कोणताही आकडा नव्हता. त्यात भर म्हणून आपल्याकडचा आवडता उपाय केला जातो, तो म्हणजे थरथर कमी व्हावी म्हणून क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालणे. हा तुकडा दाबाखाली हळूहळू बसत जातो आणि तो जितका बसतो तितका बोल्टचा ताण कमी होतो. नळीवरच्या जाड रंगाचेही तसेच आहे. अशा सांध्यावर कितीही भारी द्रव ओतले तरी नट जागेवर राहील आणि इंजिन मात्र हलत राहील. म्हणून आधी आम्ही क्लॅम्पखालचा रंग खरवडला, रबर काढून टाकले, नळी आणि क्लॅम्प यांच्यामधल्या फटीत ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी घातली आणि डोक्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा कोरलेले बोल्ट आणले. नटबोल्टच्या दुकानात ‘8.8 चा द्या’ असे स्पष्ट मागावे लागते, नाहीतर हाताला येईल तो मिळतो. या प्रतीचा कोरडा 6 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटर आणि 8 मिलिमीटरचा साधारण 25 न्यूटन-मीटर इतका आवळता येतो. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) ॲल्युमिनियममध्ये थेट जाणाऱ्या स्टडला (डोके नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टला) मात्र यापेक्षा कमी जोर द्यावा. तिथले आटे गेले, तर काम लेथवाल्याकडे जाते.

आता द्रवाकडे वळू. 1953 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी या जातीचे पहिले द्रव तयार केले, आणि त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे. हवा लागते आहे तोवर ते पातळ राहते. हवा तुटली आणि लोखंडाचा स्पर्श झाला, की ते घट्ट होऊन आट्यांमधली पोकळी भरून काढते. त्यामुळे नट उलटा फिरायला वाव उरत नाही. 243 हे मध्यम ताकदीचे आहे, त्यामुळे साध्या पान्याने बोल्ट पुन्हा खोलता येतो. तांबड्या रंगाचे, जास्त ताकदीचे प्रकार याच दुकानांत मिळतात, पण ते क्रँककेसच्या स्टडवर लावू नयेत, कारण खोलताना बोल्टऐवजी ॲल्युमिनियमचे आटेच सोलून निघण्याची भीती असते. 243 ला 180 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता चालते, त्यामुळे फाउंडेशनच्या जागी त्याचा निभाव लागतो. सायलेन्सरच्या तोंडाशी असलेल्या नटांसाठी मात्र ते नाही.

लावण्याची पद्धत सोपी आहे, घाई तेवढी नडते. किंचित तेलकट आट्यांवरही हे द्रव धरते असे कंपनी म्हणते आणि ते खरे आहे, तरी आम्ही बोल्ट आणि नट थिनरने पुसून पूर्ण वाळू दिले. आरपार बोल्ट असेल, तर थेंब बोल्टच्या टोकाला न लावता नट जिथे येऊन थांबणार तिथल्या आट्यांवर लावावा. तळ बंद असलेल्या भोकात स्टड बसवायचा असेल, तर द्रव भोकात सोडावे, कारण आत अडकलेली हवा स्टडवरचे द्रव बाहेर ढकलते. थोड्या वेळात नट हाताला घट्ट लागतो, पण पूर्ण ताकद यायला 24 तास जातात. स्टेनलेस स्टीलच्या बोल्टवर ते बरेच सावकाश घट्ट होते, म्हणून चकचकीत दिसणाऱ्या स्टेनलेसचा मोह इथे टाळलेला बरा.

सगळ्यात मोठी अडचण द्रवाची नाही, हाताच्या सवयीची आहे. रोज संध्याकाळी बारा-तेराचा पाना घेऊन प्रत्येक नटाला ‘थोडा ताव’ देण्याची आपली रीत असते. एकदा घट्ट झालेले द्रव अशा तावाने तुटते, ते पुन्हा जुळत नाही आणि मालक समजतो की द्रवच कुचकामी निघाले. त्याऐवजी नट आवळल्यावर नट आणि क्लॅम्प यांच्यावरून पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढावी. रेघ अखंड आहे तोवर पाना लावू नये. ती तुटलेली दिसली, तर बोल्ट पूर्ण काढून आट्यांमधला निळसर-पांढरा भुगा तारेच्या ब्रशने साफ करावा आणि नवा थेंब लावून परत बसवावा. मेव्हण्यांच्या सायकलीवरच्या चार रेघांपैकी एक, मागच्या क्लॅम्पवरची, हंगामाच्या मध्यावर किंचित सरकली. तिथे पत्र्याची पट्टी आखूड पडली होती. बाकीच्या जिथल्या तिथे आहेत.

पर्यायांविषयी थोडक्यात. स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे, पण बोल्ट नीट आवळला की तो चपटा होतो आणि त्यानंतर साध्या वॉशरइतकेच काम करतो. त्याचे जर्मन मानक, डीआयएन 127, मागे घेण्यात आले आहे. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला नट, चांगला आणि स्वस्त असतो, फक्त तो पुन्हापुन्हा वापरू नये आणि फार गरम जागी लावू नये. ज्यांना 24 तास सायकल उभी ठेवणे परवडत नाही, त्यांनी आरपार बोल्टांना सरळ नायलॉकच लावावा. क्रँककेसच्या स्टडला तो पर्याय नाही, कारण तिथे आटे केसमध्येच असतात. माझ्या मते 243 ची खरी गरज तिथेच आहे.

कायद्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 2(28) प्रमाणे चारपेक्षा कमी चाके आणि 25 सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन ‘मोटार वाहना’च्या व्याख्येत येत नाही. फवारणी पंपाची इंजिने बाजारात अनेकदा 26 सीसी म्हणून विकली जातात, आणि बाहेरून येणारी टू-स्ट्रोक किटे तर याहून बरीच मोठी असतात. त्यामुळे बोल्टच्या आधी इंजिनावरची पाटी वाचावी.

बाटली साठवण्याचे खानदेशात वेगळे भान ठेवावे लागते. कंपनीच्या माहितीपत्रकात साठवणुकीसाठी 8 ते 21 अंश तापमान दिलेले आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये याच्या दुपटीहून जास्त तापते. बाटली घरात, माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवावी, फ्रीजरमध्ये मात्र नको. नवी बाटली अर्धवट भरलेली दिसली म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये, द्रव पातळ राहण्यासाठी आत हवा ठेवलेलीच असते. सील, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख मात्र काउंटरवरच तपासावी. एका सायकलीला मोजके थेंब लागतात, त्यामुळे सगळ्यात लहान बाटली घ्यावी. मोठी घेतल्यास ती संपण्याआधी तिची मुदत संपेल.