हेलिओस, टेसार की टाकुमार? आधी ऊन बघा

"मामा, हेलिओस घेऊ का टाकुमार?" भुसावळहून भाच्याचा फोन. माळ्यावर त्याला आजोबांचा झेनिट-ई, म्हणजे जुना रशियन फिल्म कॅमेरा, सापडला होता. बॉडी ठणठणीत, लेन्सच्या आत मात्र बुरशीचं जाळं, म्हणून दुसरी जुनी लेन्स हवी होती. मी उलट विचारलं, फोटो काढणार कधी, दुपारी का संध्याकाळी?

आपल्याकडे हाच प्रश्न मोठा. १०० आयएसओची फिल्म आणि मे महिन्यातली दुपार असली की एफ १६ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, अ‍ॅपर्चर; आकडा मोठा तितकं भोक लहान) साधारण १/१०० सेकंद पुरतं. तेच एफ २ वर काढायचं तर १/६४०० हवं, आणि झेनिट-ई १/५०० च्या पुढे जात नाही. म्हणजे जास्त उघडणाऱ्या लेन्सचे पैसे दुपारभर वायाच. एफ ८ ला तर पोस्टकार्ड प्रिंटवर हेलिओस, टेसार आणि टाकुमार या तिघींतला फरक मलाही सांगता येत नाही.

हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिमी एफ २, ही जर्मन बायोटार लेन्सची रशियन नक्कल. नाव रशियन लिपीत असेल तर पहिलं अक्षर उलट्या 'एल'सारखं दिसतं. लेन्सवरच्या नंबरचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे, ७६ने सुरू होत असेल तर १९७६ची. मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसणं ही हिची ख्याती, पण त्याला एफ २, सावली आणि मागे बारीक कवडसे लागतात. कडुनिंबाखाली ते सुरेख येतं. केळीच्या बागेत पानंच एवढी रुंद की फारसं काही फिरत नाही. अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात: एक आकडा ठरवायची, दुसरी फोकस झाल्यावर बंद करायची. दुसरी विसरलात की फ्रेम पांढरीफटक. सवय होईपर्यंत अर्धा रोल जातोच, माझा पूर्ण गेला होता. आणि जुन्या हेलिओस ४४ काही वेळा ३९ मिमी आट्याच्या निघतात; आपल्याला हवेत ४२चे.

कार्ल झाइस जेनाची टेसार, ५० मिमी एफ २.८. चारच काचा, रचना १९०२ची. पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या झाइसच्या नावावरच्या भांडणामुळे निर्यातीच्या काही लेन्सवर पूर्ण नावाऐवजी 'आउस जेना' आणि नुसता 'टी' असतो. ती नकली समजून सोडू नका. संध्याकाळी ही हेलिओसपेक्षा एक स्टॉप मागे पडते, म्हणजे निम्माच उजेड घेते. पण चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून आल्यावर टेबलावर वस्तू मांडून फोटो काढायची हुक्की आली, तर नंतरच्या टेसार ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातात. हेलिओस अर्ध्या मीटरला थांबते.

सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ १.८, जपानच्या असाहीची. फोकसची रिंग अशी फिरते की बाकीच्या दोघी खेळणी वाटाव्यात. झेनिट-ई अ‍ॅपर्चर आपोआप बंद करत नाही, म्हणून बाजूची कळ 'मॅन्युअल'वर ठेवायची. काही लेन्समध्ये थोरियमची काच असते आणि ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. पांढऱ्या कागदावर धरून बघा. अतिनील दिव्याखाली पिवळेपणा बराच उतरतो. लोक उन्हात ठेवा म्हणतात, पण आपल्या गच्चीवर तसलं काही करू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन पाझरेल.

तेच ग्रीस घेतानाही बघायचं. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर लेन्स कुठेतरी तापलेल्या पत्र्याच्या कपाटात राहिली असं समजा. हेलिओस-टेसार अशा असल्या तरी भाव पाडून घेता येतात, कारण त्यांची पाती हातानेच बंद होतात किंवा तशी ठेवता येतात. आपोआप बंद होणाऱ्या बॉडीवर वापरायची टाकुमार असेल, तर चिकटलेली पाती नकोच. बुरशी मात्र तिघींतही नको. टॉर्च मागून धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाचा तापीकाठी संध्याकाळीच फिरतो. त्याला हेलिओस घ्यायला सांगितली, आणि दुसऱ्या रिंगेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायला.