दोन खड्ड्यांचे पैसे, फूटभर पाइप

गिरणीला थ्री फेज घेतलं तेव्हा पॅनेल आणि अर्थिंगचं (बिघाडात सुटलेली वीज जमिनीत उतरवायच्या सोयीचं) काम ओळखीतल्याच एका वायरमनला दिलं. दोन खड्डे, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, पट्टी, कोळसा-मीठ, मजुरी असे त्याने 22 हजार घेतले. खड्डे घेतले त्या दिवशी मी नेमका लग्नाला गेलेलो. परतलो तर दोन जागी सिमेंटची झाकणं, वर लाल रंगात 'अर्थ'. हातात एक कागदही ठेवला: रोध, म्हणजे वीज जमिनीत जाताना होणारा अडथळा, 1.2 ओहम, दोन्ही खड्ड्यांचा सारखाच. वेगवेगळ्या जागी, एक तर पार खडकाळ कोपऱ्यात, आकडा दशांशापर्यंत जुळतो? मला तेव्हा सुचलंच नाही.

जुलैत भिंतींना ओल आली. दळण घेऊन आलेल्या आजींचा हात पॅनेलच्या दाराला लागला. "बाळा, हे दार चावतंय रे!" टेस्टर लावला तर पेटला. एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, मात्र ढिम्म.

मेन बंद करून परवानाधारक ठेकेदाराला बोलावलं. दारावरच्या बटणांची वायर बिजागरीत चेपून सोलली होती. अर्थिंग धड असतं तर पुरेसा करंट वाहून एमसीबी पडला असता. इथे करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. दार आणि पेटी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टीही बसवलेली नव्हती. ठेकेदाराचं म्हणणं, बिजागरीच्या भरवशावर दार सोडायचं नसतं, कारण पावडर कोटिंगचा रंग वीज अडवतो. अर्थिंगच्या बोल्टखालीही तो रंग तसाच, खरवडलेला नाही.

मग खोदलं. अडीच मीटरचा पाइप हवा, तो फुटावर संपला. दुसऱ्या खड्ड्यात तर पाइपच नाही, पट्टीचं टोक विटेला गुंडाळून पुरलेलं. कोळशाचा कणही नाही. थ्री फेज मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात हे मला माहीत होतं, म्हणून तर दोन झाकणं मोजून पैसे दिले!

त्या वायरमनला फोन केला तर म्हणाला, "शेठ, तीन वर्षं चाललं ना?" बिल कच्चं, सही नाही. 22 हजार गेले.

या वेळी दोन्ही खड्डे नव्याने घेतले. मी खुर्ची टाकून तिथेच बसलो, पाइप टेपने मोजला, कोळसा-मीठ पडताना फोटो काढले. रोध मोजणाऱ्या अर्थ टेस्टरचे आकडे माझ्यासमोर वाचले: एकाचा 2.8, खडकाळ कोपऱ्यातल्याचा 4.1.